चाकणची रिजेक्ट पिसं

पुण्याकडे जाऊन आलेल्या माणसाने कुडाळात परतल्यावर बाकरवडी वाटायची असते. मी पाच दिवस राहून परतले तेव्हा शेजारच्या परबवहिनी लगेच आल्या. "काय काय बघितलंस?" म्हणाल्या. मी खरं तेच सांगितलं: एका कारखान्याचं दुचाकी पार्किंग, एक कोंबडीचं दुकान आणि बगळ्याची पिसं. त्यांनी थोडा वेळ बाकरवडीची वाट बघितली आणि उठून गेल्या. तेव्हापासून गावात माझ्या तब्येतीची चौकशी होते आहे, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी चौतीस वर्षं टपाल कचेरीत काढली. स्वभावाने मी वाईट नाही, पण पत्त्याच्या बाबतीत कडक. पिनकोड नसलेलं पाकीट माझ्या खिडकीतून पुढे सरकलं नाही, मग ते कुणाच्या लग्नपत्रिकेचं असो की माझ्या सख्ख्या भावाचं. भाऊ अजून मला फोन करताना सुरुवातीला पिनकोड म्हणतो.

पुनावळे, मंगळवार

माझी भाची अनुजा पुनावळ्यात अकराव्या मजल्यावर भाड्याने राहते. तिच्या गॅलरीतून एका बाजूला हायवे दिसतो आणि दुसऱ्या बाजूला टॉवरांच्या मधोमध अडकून पडलेला एक म्हशींचा गोठा. आमच्याकडे घरासमोर कोण राहतं, त्याचं कुणाशी पटत नाही आणि का, हे सगळं माहीत असतं. इथे लिफ्टमध्ये मी सातव्या मजल्यावरच्या बाईला "जेवलात का?" विचारलं, तर ती बिचारी घाबरून सहाव्यावरच उतरली.

अनुजाच्या पायाला प्लास्टर होतं.

"कशी गो पडलीस?"

"शिटेवरून घसरले."

"कुणाच्या?"

"बगळ्यांच्या, मावशी. बसतेस का? सगळं सांगते."

तर ते सगळं असं. अनुजा पक्ष्यांच्या पिसांवरून पारा शोधते. तापमापीतला असतो तो पारा. तो हवेत, पाण्यात मिसळला की माशात जातो, मासा बगळा खातो आणि बगळ्याच्या रक्तातून तो वाढत्या पिसात उतरतो. पीस पूर्ण वाढलं की त्याचा रक्ताशी संबंध तुटतो. मग आत जे गेलं ते गेलं, पीस गळून पडेपर्यंत तसंच राहतं. पक्ष्याला पकडायला नको, टोचायला नको. गळलेलं पीस उचलायचं, पाकिटात घालायचं आणि वर लिहायचं: कुठे, कधी, कुणाचं.

"म्हणजे बंद पाकीट," मी म्हटलं. "आणि पत्ता नसेल तर?"

"तर कचरा."

मला हे शास्त्र एकदम पटलं. मी पिशवीतून सुका बांगडा काढला होता, त्याकडे ती जरा विचार करत बघत राहिली. पण तळल्यावर चार तुकडे तिनेच खाल्ले.

अडचण अशी होती की शनिवारी सकाळी दहाला पुण्यातल्या प्रयोगशाळेत तिला पारा मोजायच्या यंत्राची पाळी मिळाली होती. ती चुकली तर पुढची पाळी येईपर्यंत प्रबंध द्यायची मुदत संपणार. देहूरोड, तळेगाव आणि चाकण अशा तीन ठिकाणची प्रत्येकी तीस पिसं हवी होती. देहूरोडची तीन आणि तळेगावची चार कमी पडत होती. चाकणची मात्र एका कारखान्यात होती. तिथे पार्किंगमध्ये एक मोठं झाड आहे, त्यावर बगळ्यांची वसाहत आहे. बाहेरच्या माणसाला रोज आत सोडत नाहीत, म्हणून तिथले क्वालिटी इन्स्पेक्टर येळवंडेकाका गेले दोन महिने तिच्यासाठी पिसं जमवत होते.

"चाकण गेलं तर अर्धा प्रबंध गेला," अनुजा म्हणाली आणि रडायला लागली. लहानपणी माझ्याकडे राहायला यायची तेव्हा ती अशीच रडायची, आधी नाक लाल आणि मग डोळे. मी सांगितलं, टपाल पोचेल. असं मी चौतीस वर्षांत कुणालाही छातीठोकपणे सांगितलं नव्हतं.

देहूरोड आणि तळेगाव, बुधवार

अनुजाने तिच्या ओळखीचे रिक्षावाले गित्तेभाऊ बोलावले. ते बीडकडचे. आधी कंपनीत होते, मग शिफ्टला कंटाळून रिक्षा घेतली. त्यांना पिसांचा प्रकार समजावला तर म्हणाले, "आमच्या रिक्षात लोकांनी काय काय नेलंय मावशी, एकानं फ्रिज नेलाय. पिसाचं काय एवढं!"

देहूरोडला रस्त्याच्या कडेने लष्कराचं कुंपण जातं. कुंपणाच्या बाहेर मला घारीची दोन पिसं मिळाली. तिसरं, सगळ्यांत देखणं, कुंपणाच्या आत पडलेलं. मी वाकून, हात लांब करून बघत होते, तेवढ्यात एक जवान आला.

"माताजी, क्या कर रही हैं?"

माझं हिंदी मनीऑर्डरपुरतं. अनुजाने बरोबर दिलेलं वनखात्याचं परवानगीपत्र मी तारेला लावून धरलं आणि म्हटलं, "चील का पंख. उसमें पारा है." त्याने पत्र पूर्ण वाचलं, शिक्का बघितला, मग पिसाकडे असं बघितलं, जणू ते आत्ता फुटेल. शेवटी वरिष्ठांना विचारून आला, एका काठीने ते पीस हळूहळू ढकलत तारेखालून बाहेर काढलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. मी त्याला पोचपावती देऊ का विचारलं. तो नको म्हणाला.

तळेगावात आम्ही तळ्याच्या काठाने फिरलो. तिथली हवा मला आवडली. घरांना आवारं आहेत, आवारात झाडं आहेत आणि माणसं ओळख नसताना "कुणाकडे?" असं विचारतात. एका टपरीवर मिसळ खाल्ली. आमच्याकडे उसळीला खोबरं लागतं, इथे तर्रीने माझे कान गरम झाले. गित्तेभाऊंनी ती तर्री दोनदा मागून घेतली आणि वर म्हणाले, "तिखट न्हाई राव इकडं."

मला त्या दिवशी चांगलाच हुरूप चढला होता. तासाभरात मी ढोकरी बगळ्याची चार पिसं भरली आणि एका भिंतीमागे तर पांढऱ्याशुभ्र पिसांची रासच सापडली. एकेका पाकिटावर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: तळेगाव, तळ्याच्या दक्षिणेला, बुधवार, मोठा बगळा. नऊ पाकिटं झाली. गित्तेभाऊ शांतपणे बिडी ओढत बघत होते. नववं पाकीट चिकटवल्यावर म्हणाले, "मावशी, ह्या भिंतीच्या पल्याड चिकन सेंटर हाय."

मी भिंतीवरून डोकावले. होतं.

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तुमी एवढं मन लावून लिवत होता."

तिथेच फेकून दिलेल्या त्या नऊ पाकिटांबद्दल अनुजाला मी काही सांगितलेलं नाही. पण कोंबडीचं पीस मला आता झोपेतही ओळखता येतं. दांडा जाड, पीस मऊ, बुडाशी भरपूर लव. हे ज्ञान पुढे कामाला आलं.

चाकण, गुरुवार

चाकणच्या रस्त्यावर गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रकांच्या रांगेत आम्ही एवढा वेळ उभे होतो की पुढच्या ट्रकवरच्या नव्या कोऱ्या गाड्या मला आपल्याच वाटायला लागल्या. कारखान्याच्या गेटवर माझा फोटो काढला, गळ्यात पट्टा घातला, डोक्यावर हेल्मेट ठेवलं आणि पायात लोखंडी टोकाचे बूट दिले. सर्वांत लहान बूट आठ नंबरचा होता. माझा पाय पाच नंबरचा. मी चालायला लागले की पाय आधी निघायचा आणि बूट मागाहून यायचा.

येळवंडेभाऊ घ्यायला आले. मूळचे चाकणजवळच्याच गावचे. उंच, सडपातळ, खिशाला तीन पेनं. "या मावशी," म्हणाले. ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत हे मी नंतर विचारून घेतलं. पण अनुजाची मावशी ती सगळ्या कारखान्याची मावशी, असा तिथला हिशेब.

आधी त्यांनी झाड दाखवलं. पावसाळ्यात तिथे घरटी असतात, आता पिल्लं मोठी होऊन कलकल करत होती. खाली दुचाक्यांच्या रांगा. नव्या माणसाने गाडी बुंध्याजवळ लावायची आणि जसजशी नोकरी मुरेल तसतसं एक-एक रांग लांब सरकायचं. बुंध्याजवळच्या गाड्या मूळच्या कुठल्या रंगाच्या असाव्यात हे सांगता येत नव्हतं. येळवंडेंची गाडी पार कँटीनच्या भिंतीला होती, चकचकीत.

"सव्वीस वर्सं लागली हितवर यायला," ते अभिमानाने म्हणाले.

मग ते मला त्यांच्या विभागात घेऊन गेले. खंडेनवमीची पूजा होऊन गेली होती, यंत्रांवर झेंडूचे सुकलेले हार तसेच होते. एका टेबलावर निळी पेटी ठेवलेली. पेटीवर हळदकुंकू आणि फूल. आजूबाजूची पोरं काम थांबवून बघायला लागली. येळवंडेंनी पेटी उघडली.

आत पिसं होती. शंभर तरी असतील. लांबीप्रमाणे लावलेली, सगळी पांढरीशुभ्र, एकसारखी सरळ, आणि चमकत होती.

"चमकतायत कशी?" मी विचारलं.

"अनुजाताई म्हणल्या व्हत्या, चांगली पिसं निवडून नीट ठेवा. मग एकेक तपासलं. व्हर्नियरनं लांबी घेतली. सॉल्व्हंटनं धुतलं. वरनं आरपी तेलाचा हात मारला."

"तेल कशाला?"

"गंज लागू नये म्हणून."

"पिसाला?"

"मावशी, हितनं बाहेर जाणारा माल गंजता कामा नये. मंग तो कायबी असू द्या."

"आणि चिठ्ठ्या? कुठे सापडलं, कधी?"

"त्या व्हत्या ना. डिस्पॅचच्या टायमाला आतले टॅग काढावे लागतात. गिऱ्हाईकाला आपल्या आतल्या गोष्टी दिसता कामा नयेत."

मी तिथूनच अनुजाला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. प्रयोगशाळेत पिसं धुतातच, पण ठरलेल्या पद्धतीने, म्हणाली. तेलात काय आहे ते देव जाणे. काही कुंकवातही पारा असतो, आणि पेटीवर कुंकू. पण सगळ्यांत वाईट म्हणजे कुठलं पीस कुठलं आणि कधीचं हेच गेलं. "मावशी, संपलं," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

येळवंडे माझ्या तोंडाकडे बघत होते. "कम्प्लेंट हाय का?"

काय सांगायचं? मी म्हटलं, "जरा आहे."

ते स्टुलावर बसले. मागे उभी असलेली पोरं हळूच पांगली. त्यांतल्या एकाने जाता जाता माझ्या कानात सांगितलं, "मावशी, काकांच्या मालाची आजवर एक पण कम्प्लेंट न्हाई आली. एक पण."

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. दोन महिने हा माणूस जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली पिसं वेचत होता, बगळे वरून त्याच्यावर करायचं ते करत होते, आणि मी कोण कुठली येऊन त्याचं सव्वीस वर्षांचं नाव घालवलं.

आम्ही कँटीनमध्ये जेवायला बसलो. मटकीची उसळ, चपाती आणि वाटीभर ताक. ते चपाती नुसतीच मोडत होते. एकदम म्हणाले, "आमी लहानपणी भामा नदीतलं मासं लई खाल्लं. आजबी गावात खात्यात. त्या बगळ्यांत निघालं, तर आमच्यातबी असंल का वो?"

ते अनुजालाच विचारावं लागेल, असं मी सांगितलं. मग मी त्यांना माझ्या पद्धतीने समजावलं. म्हटलं, पीस म्हणजे पत्र. आत काय लिहिलंय ते यंत्र वाचेल. पण पत्ता फाडला तर ते कुणी कुठून पाठवलं हे कसं कळणार? आम्ही टपालवाले असली पत्रं वेगळी काढायचो. फाटलेली, भिजलेली, अपुऱ्या पत्त्याची. ती वेगळी ठेवायला आमच्याकडे एक अख्खं कपाट होतं.

असं म्हणता म्हणता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "भाऊ, ही तुम्ही निवडलेली पिसं. जी निवडली नाहीत त्यांचं काय केलंत?"

ते इकडेतिकडे बघायला लागले. "ती रिजेक्शनला हायेत."

"म्हणजे टाकली?"

"टाकायला मंजुरी लागती. फॉर्मात 'मालाचा प्रकार' असा रकाना हाय, त्यात पीस न्हाई. त्यामुळं मंजुरीच आली न्हाई. पिंजऱ्यात कुलूप लावून ठेवलीत."

"दाखवा."

"रिजेक्शन गिऱ्हाईकाला दाखवत न्हाईत, मावशी."

मी आठ नंबरचे बूट आपटत उभी राहिले. उठले तेव्हा एक टेबलाखालीच राहिला, पण परिणाम झाला.

पिंजरा म्हणजे जाळीची खोली, लाल रंगाची. आत एका लाल डब्यात कागदाच्या पाकिटांत पिसं होती. ना धुतलेली, ना तेल लावलेली. प्रत्येकाला दोऱ्याने लाल टॅग. आणि टॅगवर, देवा, सगळं होतं! तारीख, शिफ्ट, पार्किंगची रांग, पक्षी, उचलणाऱ्याचं नाव. कारण त्यांच्याकडे चांगल्या मालाला कुणी काही विचारत नाही, पण नाकारलेल्या प्रत्येक तुकड्याचा जन्मापासूनचा इतिहास लिहावाच लागतो. दोषाचा रकाना मी उभ्या उभ्या वाचून काढला. "टोक तुटले." "शीट लागली." "वाकडे." "रंग एकसारखा नाही." "पक्षी मोठा, पीस बारीक." एकावर नुसतं: "बघवत नाही."

मी पुन्हा अनुजाला फोन केला आणि तो "बघवत नाही" टॅग तारखेसकट वाचून दाखवला. ती आधी हसली की रडली ते मला कळलं नाही. "मावशी, हीच हवीत! हीच!"

"हीच द्या," मी येळवंडेंना म्हटलं.

"न्हाई जमायचं."

"अहो, का?"

"आजवर माज्या हातनं एक रिजेक्ट पीस गेटच्या बाहेर गेला न्हाई. आता सव्वीस वर्सांनी घालवू?"

वाद घालून उपयोग नव्हता. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं, आणि हेच मला जास्त छळत होतं. शेवटी मी विचारलं, गिऱ्हाईकाला तसाच माल हवा असेल तर तुमच्याकडे काही रीत नाही का? त्यांनी खिशातली तिन्ही पेनं एकदा सरळ केली. मग म्हणाले, "डेव्हिएशन हाय. गिऱ्हाईकानं लिहून द्यायचं, माल जसा हाय तसा मंजूर."

मी त्यांचंच एक पेन घेतलं. टपालखात्याच्या अक्षरात लिहिलं: सदर पिसे तुटकी, वाकडी व मळकी असून आम्हास तशीच हवी आहेत. खाली अनुजाच्या वतीने सही, तारीख आणि पिनकोड.

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग कुलूप काढून डबा टेबलावर घेतला आणि आम्ही दोघं समोरासमोर बसून एकेक पाकीट तपासायला लागलो. एकूण बत्तीस. मला तीस हवी होती, म्हणून मी निर्धास्त होते. अकरावं पाकीट आलं. तारीख होती, पक्षी होता, रांग नव्हती.

"हे नको," मी बाजूला सारलं. "पत्ता नाही."

येळवंडेंनी मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "मंजी तुमीबी रिजेक्ट करता!"

"भावाचीही करते."

सव्विसावं पाकीट. टॅगवर वार: रविवार, पक्षी: बगळा, दोष: फार मऊ. दांडा जाड, बुडाशी भरपूर लव. मी ते उजेडात धरलं. "भाऊ, रविवारी कँटीनमध्ये चिकन असतं का?"

"असतं की. का वो?"

मी ते पाकीट हळूच बाजूला ठेवलं आणि त्यांनी स्वतःच्या हाताने टॅगवर दुरुस्ती केली. राहिली बरोबर तीस. संध्याकाळी गेटवर पास परत करताना माझा उजवा बूट दिवसभर घासून सुजलेल्या पायातून निघेना. दोन वॉचमननी मिळून तो ओढून काढला.

पुणे, शनिवार

गित्तेभाऊंनी आम्हाला, प्लास्टरसकट, पावणेदहाला प्रयोगशाळेच्या दारात सोडलं. तिथल्या मुलीने लाल टॅग वाचले आणि म्हणाली की इतकी नीट नोंद तिने आजवर बघितली नव्हती. पिसांत पारा किती निघाला ते अनुजा तिच्या प्रबंधात लिहील, तो तिचा अधिकार आहे. निघाला, एवढंच मी सांगते. ते ऐकून मी खूश व्हायला हवं होतं, पण मला आधी झाडावर कलकलणारी पिल्लं आठवली आणि मग चपाती मोडत बसलेले येळवंडे.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "मावशी, कम्प्लेंट बंद झाली का?"

"झाली."

"लेखी लागतं."

कुडाळला परत आल्यावर मी पहिलं काम ते केलं. पोस्टकार्डावर लिहिलं: तक्रार बंद. रिजेक्ट माल उत्तम निघाला. पत्ता अर्थातच पूर्ण. शेवटी एक ओळ जास्त लिहिली, की नदीच्या माशांचं अनुजा स्वतः येऊन सांगणार आहे, आणि तोवर गावातल्या लहान पोरांना ते देऊ नका.

दहा दिवसांनी पाकीट आलं. वर पिनकोडच्या खाली दोन रेघा मारलेल्या. आत चिठ्ठी नव्हती, एक लाल टॅग होता, त्यांच्या अक्षरात भरलेला:

माल: मावशी. सापडल्याचे ठिकाण: कँटीन. दोष: बूट मोठा, आवाज त्याहून मोठा. निर्णय: जशी आहे तशी मंजूर.

परबवहिनी विचारतात, हे काय टांगलंयस कॅलेंडरच्या खिळ्याला? मी म्हणते, पुण्याहून आणलेली बाकरवडी.